मुंगसाचं कूळ

रायपूरला भाड्यानं खोली घ्यायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीतल्या खाटेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "तुम्ही इंग्रजीचे ना? मग ह्याले इंग्रजीत काय म्हणतात?"

"कॉट," मी म्हणालो.

"आणि कॉटचं गाव कोणतं?"

मी एम. ए. इंग्रजी होतो. नुकताच नागपूरहून आलो होतो आणि शंकर नगरमधल्या एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवणार होतो. शब्दाला गाव असतं ही गोष्ट एम. ए.च्या दोन वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. तरी न डगमगता मी म्हणालो, "लॅटिन असावं." पुढं माझ्या लक्षात आलं की ज्या शब्दाचं मूळ मला ठाऊक नसतं त्याला मी लॅटिन म्हणतो. बहुतेक ठिकाणी ते खपून जातं.

"खाट," ते म्हणाले. "आपली खाट. साहेब इथं आला, खाटेवर झोपला, अन् जाताना शब्द घेऊन गेला. आता तुम्ही तोच शब्द इथल्या पोट्ट्यांले इंग्रजी म्हणून शिकवान." मग माझ्या हातात चावी ठेवत म्हणाले, "ही पोर्तुगीज आहे. राहा आरामात."

मी त्यांना काका म्हणू लागलो आणि ते मला मास्तर. आठवडाभरात ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले. माझा मुक्काम दीड वर्ष झाला.

काका विधुर होते, सत्तरीच्या आसपासचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. एखादी वस्तू कुठून निघाली, कुठं गाडी बदलली आणि कुठं पोचली, एवढंच तिच्याबद्दल जाणून घेण्यासारखं असतं अशी त्यांची पक्की समजूत होती. निवृत्त झाल्यावर पार्सलं संपली, तेव्हा त्यांनी शब्द हातात घेतले. एका जाड वहीत त्यांनी तीन रकाने पाडले होते : 'कुठून', 'कशावरून', 'कुठं'. बादली, घमेलं, पगार, शाम्पू, बंगला, सगळ्यांची तिथं नोंद होती. एखाद्या शब्दाचा मधला रकाना रिकामा राहिला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

घरात त्यांची सून होती, सरकारी दवाखान्यात नर्स. मुलगा कोरब्याला नोकरीला होता, तो शनिवारी यायचा. आणि नात होती, मिनू, तेव्हा अकरावीत. मिनूला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. आजोबा विचारायचे, "जेवली का?" ती म्हणायची, "हाँ, खा लिया." काकांनी त्यावर कधी तिला टोकलं नाही. मला मात्र ते टोकायचे. मी मूळचा नागपूरचा, पण इंग्रजीचा मास्तर शोभावा म्हणून मराठीसुद्धा पुण्याच्या धाटणीनं बोलायचा प्रयत्न करायचो. "मास्तर," काका म्हणायचे, "घरात शिरताना चपलेसोबत ते बोलणं पण बाहेर काढत जा. मले वाटते कोणी निरीक्षक आला."

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हे एक काम होतं. एकदा गोल बाजारात ते बादली घ्यायला निघाले आणि मला बरोबर घेतलं. दुकानदारानं चार बाल्ट्या समोर मांडल्या. काकांनी त्यातली एक उचलली, बुडावर टिचकी मारली आणि त्याला हिंदीत समजावून सांगितलं की तू हिला बाल्टी म्हण, मी बादली म्हणतो, पण आली ती पोर्तुगीजांच्या जहाजातून. दुकानदारानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नहीं काका, ये तो सिलतरा की फैक्ट्री से आई है. कल ही माल उतरा है."

मला हसू आवरलं नाही. काका मात्र गंभीर झाले. रस्त्यात म्हणाले, "तो चूक नाही बोलला. बादली सिलतऱ्याचीच आहे. शब्द पोर्तुगीजांचा. दोघांचा रस्ता वेगळा." घरी येऊन त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं, दुकानदाराच्या नावासकट. दुसऱ्याचं म्हणणं असं लिहून ठेवायची सवय मला तेव्हाही नव्हती, आताही नाही.

तर मुंगसाची गोष्ट.

एका संध्याकाळी मी व्हरांड्यात बसून क्लासमधल्या वह्या तपासत होतो. एका मुलीनं मॉन्गूसचं अनेकवचन 'मॉन्गीस' केलं होतं. एक गूस, दोन गीस, तसं एक मॉन्गूस, दोन मॉन्गीस. मी लाल पेनानं ते खोडलं आणि बाजूला बसलेल्या काकांना सांगितलं, जरा मोठ्यानंच, कारण आत मिनू अभ्यास करत होती. इंग्रजी किती अवघड भाषा आहे आणि ती शिकवायला कसा माणूस लागतो, हे तिच्या कानावर जावं असं मला वाटत होतं.

"म्हणजे काय असते ते मॉन्गूस?" काकांनी विचारलं.

"मुंगूस."

हळू आवाजात काकांनी दोन्ही शब्द चार-पाच वेळा म्हणून पाहिले. मॉन्गूस, मुंगूस, मॉन्गूस, मुंगूस. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना काही होतंय.

"मास्तर," ते म्हणाले, "हे आपलं आहे."

"लॅटिन असेल काका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कामाला लावलं. मोबाईलवर दिसतं त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, छापील कागद पाहिजे होता. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात ओळख काढून मोठा इंग्रजी शब्दकोश उघडला आणि थक्क झालो. काका बरोबर होते. मुंगूस हा शब्द मराठीतून गेला होता. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी तो ऐकला, इंग्रजांनी उचलला, आणि शेवटी गूस आहे असं वाटून त्याचं स्पेलिंगही तसंच करून टाकलं. लॅटिनचा कुठं पत्ता नव्हता.

पण खाली आणखी दोन ओळी होत्या. मराठीत हा शब्द बहुधा दक्षिणेकडून आला असावा, तेलुगू आणि कन्नडमध्ये त्याचे जवळचे भाऊबंद आहेत, अशा अर्थाच्या.

त्या दोन ओळींकडे मी बराच वेळ बघत बसलो. काकांनी आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं की रायपूरच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ते यावर दहा मिनिटं बोलणार आहेत. मंडळानं त्यांना आजवर कधी बोलावलं नव्हतं. लोक त्यांना टाळायचे, कारण नमस्कार केला तर ते नमस्काराचं मूळ सांगायचे. आणि त्यांनी मिनूला यायला सांगितलं होतं, ती हो म्हणाली होती. "पोट्टीले एक डाव दिसू दे," ते मला म्हणाले होते, "आपली भाषा साहेबाले शब्द देऊन बसली आहे. तिले वाटते ही फक्त घरात भाजी मागायची भाषा आहे."

मी त्या दोन ओळींवर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवली आणि मग झेरॉक्स काढली. पान छान आलं. खाली थोडी पांढरी जागा दिसत होती, एवढंच. घरी जाताना माझ्या मनात स्वतःबद्दल फार चांगले विचार येत होते. म्हाताऱ्या माणसाचा आनंद जपायला मन मोठं लागतं, आणि ते आपल्याकडे आहे, असे. तीन आठवडे मी त्या मोठ्या मनाच्या तोऱ्यात काढले.

काकांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. चष्मा पुसून वाचला. मग सुनेला वाचून दाखवला, शनिवारी मुलगा आला तेव्हा त्याला, आणि शेजारच्या तेलुगू अम्मांना तो नुसता दुरून दाखवला. अम्मांचे यजमान रेल्वेतच होते, ते गेल्यावर त्या तिथंच राहिल्या होत्या. काका त्यांना एवढंच म्हणाले की आमच्या भाषेतला एक शब्द विलायतेला गेला. अम्मा म्हणाल्या, "अच्छा है भैया." कोणता शब्द, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी काकांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. मिनू दुसऱ्या रांगेत बसली होती, मैत्रिणीला घेऊन. काका उठले तेव्हा मागं कोणीतरी घड्याळ बघितलं ते मी पाहिलं. पण काका चांगले बोलले. इतके चांगले बोलतील असं मलाही वाटलं नव्हतं. पोर्तुगीज खलाशी कोकणच्या किनाऱ्यावर उतरलेला आहे, समोरून मुंगूस आडवं जातं, तो कोणाला तरी विचारतो हे काय, आणि तो माणूस कामात असल्यामुळं मान वर न करता सांगतो, 'मुंगूस'. "त्या माणसाले काय ठाऊक," काका म्हणाले, "आपण आत्ता इंग्रजाच्या शब्दकोशात एक ओळ लिहिली." लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. मिनूही टाळ्या वाजवत होती. मैत्रिणीला कोपरानं ढोसून म्हणत होती, "मेरे आजोबा हैं."

तिथं थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अध्यक्ष म्हणाले, "आपल्यात इंग्रजीचे प्राध्यापकही बसलेले आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी प्राध्यापक नव्हतो. ती चूक मी दुरुस्त केली नाही. लाल पेनानं लोकांच्या चुका काढणारा मी, ती एक चूक मी गोड मानून घेतली आणि उठलो.

उठताना दोन शब्द कौतुकाचेच बोलायचे असं माझ्या मनात होतं, खरंच. पण साठ-सत्तर चेहरे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर नुसतं कौतुक मला फार हलकं वाटलं. प्राध्यापकानं काहीतरी भर घालायला हवी. मी म्हणालो, "काकांनी सुंदर मांडणी केली. अर्थात, अभ्यासकांच्या मते हा शब्द मुळात मराठी नाहीच. तो तेलुगू किंवा कन्नडमधून आपल्याकडे आला. आपण फक्त मधले." 'अभ्यासकांच्या मते' हे मी असं म्हणालो की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यातला एक समोर उभा आहे.

मागून एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे काका, उसनंच आणून पुढं दिलं आपण." मोठा हशा झाला. टाळ्यांपेक्षा मोठा.

काकांनी हातातल्या झेरॉक्सकडे पाहिलं. खालच्या पांढऱ्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली, लोकांना नमस्कार केला आणि खाली येऊन बसले. मिनू माझ्याकडे बघत होती. मी माझ्या चपलांकडे बघत होतो.

परत येताना ऑटोत आम्ही तिघं होतो.

"तुले कधी कळलं हे?" काकांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"मग कागदावर काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी झाकलं."

"अन् तिथं उभं राहून सांगितलं ते काहून?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो.

काकांनी आवाज चढवला नाही. त्यांना तो चढवता येतच नसावा. म्हणाले, "शब्द तेलुगू निघाला त्याचं मले काही वाटत नाही मास्तर. उलट लांबून आला म्हणजे चांगलंच आहे. बत्तीस वर्षं पार्सल ऑफिसात होतो, माल कुठूनही येवो, आपण उतरवून घेतला. पण मधलं स्टेशन कोणी खोडत नसते. ते खोडलं की मालच बेवारस होते."

ऑटोतून उतरल्यावर काका आत गेले. मिनू मागं थांबली आणि मला म्हणाली, "सर, आपने अच्छा नहीं किया." मी तिला काहीतरी सांगायला लागलो, शास्त्रीय सत्य वगैरे. ती ऐकायला थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्याबरोबर काका शेजारी गेले. अम्मांच्या ओट्यावर उभं राहून त्यांनी मुंगसाला, म्हणजे हिंदीतल्या 'नेवल्या'ला, तेलुगूत काय म्हणतात ते विचारलं. अम्मा म्हणाल्या, "मुंगिस." काकांनी परत म्हणायला लावलं. अम्मांनी परत म्हटलं, मग त्यांना हसू आलं, मग काकांनाही. हे मला मिनूकडून कळलं, तेही चार दिवसांनी. काकांनी स्वतः मला सांगितलं नाही.

मला वाटलं होतं ते खोली सोडायला सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. चहा पूर्वीसारखाच वर यायचा, सणाला पानही वाढलेलं असायचं. फक्त ते मला शब्द विचारेनासे झाले. मोबाईलवर विश्वास नसलेल्या त्या माणसानं आता मिनूला शेजारी बसवून मोबाईलवर शोधायला लावलं. ती सापडलेलं हिंदीतून सांगायची, ते मराठीतून वहीत लिहायचे. मग मधेच तिला काही अडायचं. "आजोबा, घमेलं मतलब हिंदी का तसला?" "तसलाच. पण थोडा उथळ." काही महिन्यांनी ती विचारू लागली, "आजोबा, हा शब्द कुठून आली?" लिंग चुकायचं, काका दुरुस्त करायचे नाहीत. मी वर बसून ऐकायचो. ती जिथं चुकायची तिथं माझ्या दाताखाली खडा यायचा. सोळा वर्षांच्या मुलीचा मला हेवा वाटतो आहे हे कळायला मला बराच काळ लागला, आणि कळल्यावरही मी ते बरेच दिवस दुसऱ्याच नावानं ओळखत होतो.

माफी मागायचं माझ्या मनात रोज यायचं. वाक्यं मी तयारही केली होती. मराठीत एक, इंग्रजीत एक, दोन्ही व्याकरणानं निर्दोष. पण खाली उतरलो की काका म्हणायचे, "काय मास्तर, जेवले?" आणि मी म्हणायचो, "हो काका." मग नागपूरला एका कॉलेजात नोकरी लागली आणि मी खोली सोडली. निघताना वाकून नमस्कार केला. तेवढ्यात माफीचं वाक्य तोंडून निघालं असतं. नाही निघालं.

नंतर पाच-सहा वर्षं मिनूचे अधूनमधून मेसेज यायचे. दिवाळीला, कधी निकालाच्या वेळी. हळूहळू ती मराठीत लिहू लागली होती, हिंदीच्या वळणाचं, पण मराठीत. आणि गेल्या वर्षी एका सकाळी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलो असताना तिचा मेसेज आला :

'सर, आजोबा चालले गेले. आज सकाळी सहा वाजता. घर एकदम सुनं वाटून राहिलं.'

मी खुर्चीतच बसून राहिलो. शेजारच्या सहकारी बाईंनी काय झालं विचारलं. मी त्यांना सांगितलं, आणि लाज वाटते, पण सांगताना हेही समजावून दिलं की 'चालले गेले' हे हिंदीतल्या 'चले गये'चं मराठी रूप आहे, आणि हिंदीत ते निधनासाठी वापरतात. बाई म्हणाल्या, "अरेरे."

मग मी लिहायला बसलो. तासभर लिहीत होतो. काकांचं शब्दांवरचं प्रेम, त्यांचा मोठेपणा, त्यांच्या जाण्यानं झालेली पोकळी. आणि मधे कुठंतरी, लिहिता लिहिता, ते आलं. त्या दोन ओळी मी झाकल्या होत्या. झाकल्या तेही स्वतःला मोठं वाटावं म्हणून आणि उघडल्या तेही त्याचसाठी. मला त्यांची माफी मागायची होती, दीड वर्ष एका छपराखाली राहूनही ती मागितली नाही, आता कोणाजवळ मागू, म्हणून तुझ्याजवळ मागतो आहे. हे लिहिताना व्याकरण बघितलं नाही. मेसेज पाठवला, फोन बंद केला आणि तासाला गेलो.

दुपारी फोन चालू केला तर मिनूचे चार मेसेज येऊन पडले होते. ते वाचायच्या आत रिंग वाजली. पलीकडे गाडीची खडखड ऐकू येत होती.

"मास्तर," आवाज आला, "मी मेलो हे तुले कोणी सांगितलं?"

मी जवळची खुर्ची ओढली.

"अम्माच्या भाच्याकडं लग्न आहे. विजयनगरमच्या पुढं गाव आहे तिचं. ती म्हणते तिच्या आजीच्या तोंडी मुंगसाले आणखी वेगळाच शब्द होता, तिथं अजून एक म्हातारी आहे तिले ठाऊक असन. म्हटलं चला, अम्मासंगं जाऊन ऐकून येतो. पोट्टीनं तुले तेच कळवलं. चालले गेले म्हणजे गाडीत बसून गेले."

"काका, मी ते जे लिहिलं..."

"मिनूनं पाठवलं मले. आत्ता वाचलं. दोनदा वाचलं. अम्माले हिंदीत करून सांगितलं, ती डोळे पुसून राहिली." गाडी कुठल्याशा पुलावरून गेली असावी, थोडा वेळ नुसता आवाज ऐकू आला.

"माफीचं जे लिहिलं," काका म्हणाले, "ते पोचलं. ते झालं आता."

"हो काका."

"बाकीचा मजकूरही चांगला आहे. फेकू नको. जपून ठेव, कामी पडन."